झाकण

डबा उघडला तेव्हा आधी वास आला.
कापराचा.
सँडस्की, ओहायो. जानेवारी. तळघरात चार अंश,
आणि माझ्या नाकात आरती संपल्यानंतरचं तबक.
जुन्या फिल्मच्या पट्टीत कापूर असतो, हे पुस्तकातून ठाऊक होतं.
नाकाला आज कळलं.

‘मेणाची किल्ली’. मूकपट. एकोणीसशे चोवीस.
सरोवराकाठचं घर, मेलेला बर्फाचा व्यापारी,
आणि रात्री जिना चढणारं कुणीतरी
ज्याच्या पावलांचा आवाज येत नाही.
(मूकपटात कुणाच्याच येत नाही,
तरी लोक घाबरले म्हणतात.)

गावच्या पेपरात हार्लन टिबेट्सनं तेव्हा लिहिलं:
भूत म्हणजे हिशेबनीस निघाला.
हे दुसऱ्या रिळातच कळतं.
मागच्या रांगेत एक बाई हसत होती.
पियानो बरा.
एवढंच. खाली कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात.

एकतीस साली कोठार पेटलं.
कापूर पेटतो तसं. भडका,
आणि मागे नाव घ्यायला काही नाही.
उरले सात फोटो.

त्या सात फोटोंवर लोकांनी काय काय उभं केलं!
एकानं जिन्यावरच्या सावलीची लांबी मोजली,
एकीनं विधवेच्या वळलेल्या मानेवर प्रबंध लिहिला,
आणि कुणीही न पाहिलेला हा सिनेमा
थोरांच्या यादीत दर दहा वर्षांनी
दोन पायऱ्या वर चढत गेला,
पावलांचा आवाज न करता.
टिबेट्स तळटिपेत उरला. ज्याला कळलं नाही, तो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्याकडे म्हणतात,
मी अर्डिथला सांगितलं. तिला फार आवडलं.
मूठ उघडल्यावर काय, ते तिनं विचारलं नाही.

डबा निघाला बर्फाच्या जुन्या गोदामात,
भुशाखाली, जिथे एकेकाळी
सरोवराच्या लाद्या उन्हाळ्यापर्यंत टिकत.
एकच रीळ. शेवटचं.
हातमोजे घातले. हळूहळू फिरवत पाहिलं.

हिशेबनीसच निघाला.
चादर फेकून तो घाम पुसतो, खातेवही दाखवतो,
मग अक्षरांची पाटी, तिच्यात स्पेलिंगची चूक.
भिंत हलते. कापडाची आहे.
टिबेट्सबुवा, शंभर वर्षं उशिरा सांगते,
तुमचं बरोबर होतं.

सगळे दारातून जातात.
कॅमेरा मात्र चालू राहिलेला,
विसरून की मुद्दाम, आता कोण सांगणार.
रिकामा जिना. मोलकरीण येते,
सात फोटोंत ती कुठेच नाही.
पडलेली चादर उचलते, घडी घालू लागते.
मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात,
एक या टोकाला, एक त्या.
ती दोन कोपरे धरून मागे सरते
आणि समोरचे दोन कोपरे
वर उचललेले आहेत.
ताणून. नीट.
तिकडे कुणी नाही.

मी उलटं फिरवलं. तार शोधली.
भिंत हलत होती, म्हणजे वारा असेल.
नऊ सेकंद.
त्यानंतर पट्टीचा काकवीसारखा चिकट गोळा.

टिबेट्स तोवर कोट घालून बाहेर पडला असणार,
बातमी द्यायची वेळ झालेली.
मागच्या रांगेतली बाई हसायची थांबली का,
ते कुठेच लिहिलेलं नाही.

जिन्यावरून अर्डिथ ओरडते,
कसा आहे गं? थोर आहे का?
अहवालात लांबी लिहिली, रुंदी लिहिली,
अवस्था: वाईट.
‘महत्त्व’ असा एक रकाना असतो,
त्यात पेन टेकवून बराच वेळ बसले.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

झाकण लावलं. बोटांना कापूर.

रात्री घरी ड्रायरमधून चादर काढली.
मी एकटी राहते.
दोन कोपरे हातात धरले,
आणि मग तशीच, चुरगळलेली,
खुर्चीवर टाकून दिली.